वेळ राखून जावे

रुआँच्या दुकानात शनिवारी दुपारी
ती दोघं आली, गळती छत्री आत घेऊनच.
कांतालला जायचंय म्हणाली, ऑगस्टात, दहा दिवस.
तिथलं एखादं पुस्तक द्या, म्हणजे
चुकायला नको.

नवऱ्याने (एव्रार, बायकोने दोनदा हटकलं म्हणून कळलं)
सगळ्यात जाड उचललं आणि हातावर तोललं
कलिंगड तोलावं तसं.
बायको शेवटच्या पानापासून सुरू करणारी:
खोलीचं भाडं, कुत्रा चालतो का,
पोहायला पाणी आहे का, आणि ते किती गार.

फडताळात पाच होती.
एकात नुसते फोटो: गायी, धुकं, पुन्हा गायी.
एक पायी हिंडणाऱ्यांसाठी, कोसाकोसाला
गुडघ्यांची काळजी.
एकाचा लेखक चीज खायला बसला
तो दोनशे पानं उठलाच नाही.

माझी कसोटी एकच, ती मी गिऱ्हाइकाला सांगत नाही.
मागची सूची उघडायची,
लास्कोंब आहे का बघायचं.
बेचाळीस उंबरे, एक पाणवठा, एक चॅपेल,
भिंतीवर रंगवलेला संत, नाक उडालेला.
माझं गाव.

जाडजूड पुस्तकात ते नाहीच.
फोटोवाल्यात आहे, पण फोटो शेजारच्या गावाचा.
चीजवाला म्हणतो, लास्कोंबला थांबण्यासारखं काही नाही,
पुढे पेट्रोल मिळेल.
मिळत नाही. पंप बंद होऊन नऊ वर्षं झाली.

त्या हिरव्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात तेवढ्या
तीन ओळी होत्या, जुन्या आवृत्तीत:
"चॅपेलची किल्ली चार नंबरच्या घरी मागावी.
बाई बोलक्या आहेत.
वेळ राखून जावे."

आई महिनाभर धुमसत होती.
बोलकी म्हणे! मी? कोणाशी बोलले मी?
आणि हे तिने पोस्टमनला, पाववाल्याला,
दर रविवारी फोनवर मला,
त्या उन्हाळ्यात किल्ली मागायला आलेल्या
प्रत्येक डच कुटुंबाला सविस्तर सांगितलं.
पान मात्र फाडून फ्रीजवर लावलं,
चुंबकाखाली, विजेच्या बिलाच्याही वर.

नवी आवृत्ती मे महिन्यात आली. खोकं मीच फोडलं.
"किल्ली नगरपालिकेत. मंगळवार, शुक्रवार, दहा ते बारा."
चूक काढावी तर काही नाही.
फेब्रुवारीत गेली ती.
कोणीतरी कळवलं असणार, कोणीतरी
नीट, सरळ रेघेत खोडलं असणार.

नवंच द्या, बाई म्हणाल्या,
जुन्यातली माहिती चुकीची असते.
खरं आहे. मी नवं दिलं. बारा युरो नव्वद.
एव्रार सुटे पैसे शोधत होता, खिसा, मग दुसरा खिसा,
आणि तेवढ्यात कसं कोण जाणे
गल्ल्याखालचं जुनं मी वर काढलं,
कोपरे दुमडलेलं, किंमत खोडलेलं.
हेही न्या, म्हटलं. फुकट. वजन नाही फार.

लास्कोंबला गेलात तर नगरपालिकेत जाऊ नका,
तिथे किल्ली पोचलेलीच नाही.
चार नंबरला जा. माझा भाऊ फेर्नां दार उघडेल,
कपाळाला आठ्या, हातात धारेची बादली.
किल्ली देईल, शब्द देणार नाही.
तुम्ही संत बघा, किल्ली परत करायला या,
आणि जाता जाता सहज विचारा,
नाक कसं हो गेलं त्याचं?
ती गोष्ट आईचीच. त्याला पाठ आहे.
मधे थांबला तर थांबू द्या,
घाई आहे असं दाखवू नका.

बाईंनी दोन्ही पुस्तकं पिशवीत टाकली.
जुनं वर, नवं खाली.
दारापर्यंत गेल्या, छत्री उघडली, मिटली,
वळून म्हणाल्या,
पण कुत्रा चालेल ना त्यांना?